हिवाळ्यानंतर नॅरोबोट पुन्हा प्रवासाला काढताना

इंग्लंडमधील कालव्यांवर मार्च महिना लागला की नॅरोबोटींची हालचाल पुन्हा सुरू होते. जेमतेम ६ फूट १० इंच रुंदीच्या आणि अनेकदा ५०-६० फूट लांबीच्या या पोलादी बोटी अठराव्या शतकात बांधलेल्या सुमारे ७ फुटी लॉकांच्या (बोट वर-खाली नेण्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या पाण्याच्या खोल्यांच्या) मापाने घडवलेल्या असतात. ज्यांचे घर जमिनीवर आहे असे त्यांचे मालक बहुधा ऑक्टोबरअखेर त्या मरीनात, म्हणजे बोटी ठेवण्याच्या धक्क्यात, किंवा काठाला बांधून ठेवतात आणि चार-पाच महिने त्यांच्याकडे फारसे फिरकत नाहीत. कॉव्हेंट्री, लेस्टर किंवा बर्मिंगहॅम येथे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाने स्वतःची किंवा हिश्शाने बोट घेतली असेल, तर त्यांच्यासाठी वर्षातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हिवाळ्यानंतर बोटीवर परतण्याचा असतो, प्रवासाला निघण्याचा दिवस त्यानंतर येतो. हे दोन दिवस वेगळे असावेत, असा माझा स्पष्ट आग्रह आहे.

बोटीवर पोहोचताच इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि ते सुरू झाले की सगळे ठीक आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात इंजिन सुरू झाल्याने फक्त इंजिन सुरू होते एवढेच कळते. म्हणून तपासणीचा क्रम ठरवताना जी गोष्ट बोट बुडवू शकते ती आधी पाहावी, जी माणसाच्या जिवावर बेतू शकते ती त्यानंतर, जी प्रवास अडवू शकते ती तिसऱ्या क्रमाने, आणि रंग, पितळ, पडदे यांचा विचार सर्वांत शेवटी करावा. पुढील मांडणी साधारण याच क्रमाने केली आहे.

घरातून निघण्यापूर्वी

इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. लॉकांचे दरवाजे बदलणे, भिंती दुरुस्त करणे अशी मोठी कामे ती नोव्हेंबर ते मार्च या काळात, कालव्याचे काही भाग बंद ठेवून उरकते. ही कामे कधीकधी लांबतात आणि हिवाळ्यातील पुरामुळे नवी कामेही निघतात, म्हणून आपल्या मार्गावरील बंद भागांची यादी ट्रस्टच्या संकेतस्थळावर निघण्याच्या आठवड्यातच पुन्हा पाहावी. जानेवारीत पाहिलेल्या यादीवर विसंबू नये.

त्याच बैठकीत कागदपत्रेही पाहून घ्यावीत. बोटीचा परवाना, विमा आणि दर ४ वर्षांनी घ्यावे लागणारे बोट सेफ्टी स्कीमचे प्रमाणपत्र यांपैकी एखाद्याची मुदत हिवाळ्यात संपून गेलेली असते आणि ते कुणाच्याच लक्षात आलेले नसते. ज्यांच्या बोटीला कायमचा थांबा नाही, त्यांना १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, त्यामुळे त्यांनी मार्ग ठरवताना हा हिशेबही धरावा. सोबत घेण्याच्या वस्तूंमध्ये दोन विंडलस (लॉकाची पॅडल, म्हणजे पाणी सोडणाऱ्या झडपा, फिरवण्याची हँडले), पाण्याच्या नळांची व स्वच्छतागृहांची ट्रस्टची किल्ली, व्होल्टमीटर, चांगली विजेरी, रबरी हातमोजे, जुने टॉवेल आणि कागदी रुमालांची मोठी गुंडाळी असावी. या गुंडाळीचा उपयोग पुढे कळेल.

काठावर उभे राहून करायची पाहणी

बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी पाच मिनिटे काठावरूनच तिच्याकडे पाहावे. ती एका बाजूला कलली आहे का, मागचे टोक नेहमीपेक्षा खोल बसले आहे का, इंजिनाच्या धुराचे तोंड आणि बाजूची इतर छिद्रे पाण्यापासून पूर्वीइतकीच उंच आहेत का, हे पाहणे सर्वांत मोलाचे असते, कारण आत साचलेले पाणी सर्वप्रथम अशाच रीतीने दिसते. मागचे टोक खाली गेले असेल तर इंजिनाच्या खोलीत पाणी आहे असे समजावे. पुढचे टोक वर उचललेले दिसले तर कदाचित पिण्याच्या पाण्याची टाकी रिकामी असल्यामुळेही तसे होते, कारण ही टाकी बहुतेक बोटींमध्ये पुढच्या टोकाला असते आणि ती भरली की टोक स्पष्टपणे खाली बसते.

पुढच्या उघड्या डेकवर पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे पानांनी आणि चिखलाने बुजतात. ती बुजली की डेकवर साचलेले पाणी दाराच्या उंबऱ्यावरून आत शिरते. नुसत्या पावसाच्या पाण्यानेही बोट बुडू शकते, हे नवख्या मालकांना खरे वाटत नाही, म्हणून या छिद्रांतून तार फिरवून ती मोकळी करण्याचे काम लगेच हाती घ्यावे. दोर काठाच्या कडेला घासून झिजले असतील तर तेही आताच बदलावेत. बोटीच्या बाजूने चालण्याची अरुंद कड हिवाळ्यातील शेवाळामुळे अतिशय निसरडी झालेली असते, त्यामुळे तिच्यावरून चालताना एक हात कायम छतावरील दांडीवर असावा.

दार उघडल्यावर

दार उघडताच दिवा लावू नये. दोन्ही टोकांची दारे आणि खिडक्या उघडाव्यात आणि गॅस, डिझेल किंवा जळकट असा कसलाही वास येतो का याकडे लक्ष द्यावे. बोटीत वापरला जाणारा प्रोपेन हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचून राहतो आणि विजेच्या एका ठिणगीने पेटतो. वास आला तर सिलिंडर बंद करून, बोट मोकळी हवेशीर होऊ द्यावी आणि गॅसच्या कामाची अधिकृत नोंदणी असलेल्या, बोटींचे काम करणाऱ्या कारागिराला बोलवावे. या बाबतीत स्वतः प्रयोग करू नयेत.

त्यानंतर फरशीखालचा तळ पाहावा. बहुतेक नॅरोबोटींमध्ये केबिनच्या मागच्या बाजूला फरशीत एक झाकण असते, कारण बोट मागे किंचित खोल बसते आणि आतले सर्व पाणी वाहत तिथे येते. तिथे हात घालून पाहावा आणि इंजिनाच्या खोलीचा तळ वेगळा तपासावा. पाणी सापडले तर ते उपसण्यापूर्वी कोठून आले ते शोधावे. त्याला रंगाची झाक व चिकटपणा असेल तर ते इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचे असण्याचा संभव आहे, स्वच्छ पाणी केबिनच्या तळात असेल तर नळ फुटला असावा किंवा टाकी गळत असावी, आणि इंजिनाच्या खोलीत, पाण्यातला पंखा फिरवणाऱ्या शाफ्टखाली, पाणी असेल तर शाफ्ट जिथून बाहेर पडतो तेथील गाळा सैल झालेला असतो. तळावर थोडासा ओलावा आणि गंजाचे ठिपके हे थंडीत पोलादावर दव धरल्याने होतात, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर मात्र ते पंपाने कालव्यात सोडू नये. ते डब्यात भरून विल्हेवाटीसाठी मरीनात द्यावे, कारण कालव्यात तेल सोडणे हा गुन्हा आहे आणि काठावरच्या प्रत्येक पाणपक्ष्यावर तो अन्याय आहे.

गाद्यांखाली आणि कपाटांच्या मागे कोकणातल्या पावसाळ्यात धरते तशी बुरशी धरलेली असू शकते. ती पुसण्याचे काम नंतर करता येते. आता फक्त गाद्या उभ्या करून ठेवाव्यात.

वीज आणि पाणी

बॅटऱ्यांची अवस्था व्होल्टमीटरने मोजावी. काही तास चार्जिंग आणि भार दोन्ही नसताना शिशाच्या १२ व्होल्ट बॅटरीत १२.७ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. हिवाळाभर अशी रिकामी राहिलेली बॅटरी चार्ज होते, पण तिची साठवण क्षमता कायमची घटलेली असते, म्हणून चार्जर काढल्यावर एका रात्रीनंतर पुन्हा मोजून मगच तिच्यावर विश्वास ठेवावा. उघडता येणाऱ्या झाकणांच्या बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहावी आणि टोकांवरची पांढरी-हिरवी पूड घासून काढावी. लिथियम बॅटऱ्या असतील तर त्यांचे तापमान शून्य अंशाखाली असताना त्या चार्ज करू नयेत, आणि मार्चमधील पहाटे इंग्लंडमध्ये तसे तापमान सहज असते. छतावर सौर पॅनेल असेल तर त्यावरची काजळी आणि पक्ष्यांची घाण पुसल्याबरोबर फरक दिसतो.

पाण्याच्या व्यवस्थेला मात्र घाई अजिबात चालत नाही. गोठलेले पाणी प्रसरण पावते आणि नळीचा सांधा, शॉवरचा मिक्सर, पंपाचे डोके किंवा गरम पाण्याच्या टाकीवरील दाबाचा व्हॉल्व्ह यांपैकी जे सर्वांत दुबळे असेल ते फोडते. शरद ऋतूत सर्व पाणी काढून नळ उघडे ठेवले असले, तरी एखाद्या वाकलेल्या नळीत राहिलेले कपभर पाणी नुकसान करायला पुरते. आधी पाणी काढण्याच्या सर्व तोट्या आणि सर्व नळ बंद करावेत, मग टाकीत थोडेच पाणी घ्यावे, प्रत्येक सांध्याखाली कागदी रुमाल पसरावेत आणि मगच पंप सुरू करावा. एकेक नळ उघडून हवा निघून जाऊ द्यावी आणि धार सलग झाली की तो बंद करावा. सगळे नळ बंद झाल्यावर पंप थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. दर काही मिनिटांनी तो थोडा वेळ गुरगुरत असेल, तर कोठेतरी गळती आहे आणि कोरड्या कागदावर पडलेला ओला डाग ती जागा दाखवतो. डोळ्यांनी न दिसणारा थेंबही कागद पकडतो.

गळती नाही याची खात्री झाल्यावर टाकी निर्जंतुक करावी. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारे क्लोरीनयुक्त द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात टाकीत घालून ते प्रत्येक नळापर्यंत पोहोचू द्यावे, सांगितलेला वेळ तसेच ठेवावे, आणि मग वास जाईपर्यंत टाकी भरून रिकामी करावी. शॉवरचे डोके काढून ते वेगळे धुवावे आणि पहिल्यांदा पाणी सोडताना ते फवाऱ्याने उडवू नये, कारण साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारे लीजियोनेला जंतू श्वासावाटे शरीरात जातात. गरम पाण्याची टाकी पहिल्या दिवशीच ६० अंशांपर्यंत तापवून घ्यावी.

गॅस, शेगडी आणि धूर

पोलादी बोटीची केबिन म्हणजे जवळजवळ बंद पेटीच असते, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा धोका तेथे घरापेक्षा मोठा आहे. या वायूला वास नसतो. बोट सेफ्टी स्कीमने एप्रिल २०१९ पासून त्याचा अलार्म सक्तीचा केला आहे. अलार्मचे बटण दाबून आवाज ऐकावा, त्यावर छापलेली मुदत वाचावी आणि मुदत संपली असेल तर नवा अलार्म बसवल्याशिवाय शेगडी पेटवू नये.

छतावरील छत्रीसारख्या झाकणांखालच्या आणि दारांतील हवेच्या जागा कधीही बंद करू नयेत. थंडीत वारा येतो म्हणून कुणीतरी त्यांत चिंध्या कोंबलेल्या असतात, आणि वसंतात छोटे पक्षी त्यांत घरटी बांधू पाहतात. शेगडीच्या धुराड्यात साचलेली काजळी ब्रशने पूर्ण काढावी, छताला मिळणाऱ्या कॉलरची भेग तपासावी, दरवाजाचा दोर दबून सपाट झाला असेल तर बदलावा आणि काचेला तडा असेल तर तीही बदलावी. शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून ते बंद करावे, ती सहज ओढता आली तर दार नीट बसत नाही असे समजावे.

इंग्लंडमधील बोटींवर ब्युटेनऐवजी प्रोपेन वापरतात, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो. सिलिंडर ज्या कप्प्यात असतो त्याच्या तळाशी गॅस बाहेर जाण्याची छिद्रे असतात, ती मोकळी असल्याची खात्री करावी. रबरी नळीवरील तारीख पाहावी आणि गळती दाखवणारा बुडबुड्यांचा दर्शक बसवलेला असेल तर त्याचे बटण दाबून पाहावे. आग विझवण्याची नळकांडी आणि आगीचे ब्लँकेट जागेवर आहेत का, एवढे पाहिले की शेगडी पेटवून बोट संथपणे सुकवावी. पहिल्या रात्री बोटीवर झोपण्यापूर्वी ती काही तास पेटलेली असावी आणि अलार्म शांत राहिलेला असावा.

इंजिन आणि पंख्याचे झाकण

इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे आणि इंजिन चालू करू नये. कूलंटची पातळी, गिअरबॉक्सचे तेल आणि पट्ट्याचा ताण हे पाहायला काही मिनिटे पुरतात. बहुतेक नॅरोबोटींत इंजिन थंड करणारे पाणी तळाला लागून असलेल्या बंद टाकीतून फिरते, त्यामुळे त्यात अँटीफ्रीझ पुरेसे होते का, हे मीटरने मोजावे. डिझेलच्या टाकीत हिवाळ्यात दव साचून पाणी उतरते आणि त्यात वाढणारे जंतू गाळण्या बुजवतात. म्हणून फिल्टरच्या आधी असलेल्या पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यातून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढावे. तळाशी पाण्याचा थर किंवा काळी चिकट लाळ दिसली तर गाळणी बदलून, टाकी तपासूनच निघावे.

बोट पुढे ढकलणाऱ्या, पाण्यातल्या पंख्यावरचे झाकण, ज्याला बोटवाले वीड हॅच म्हणतात, ते या तपासणीतील सर्वांत गंभीर जागेवर बसलेले आहे. इंजिन बंद करून आणि किल्ली खिशात घालूनच ते उघडावे, पंख्याला गुंडाळलेले दोर, पिशव्या, तारा काढाव्यात आणि रबरी पट्टी ठीक आहे हे पाहून ते पुन्हा घट्ट आवळावे. झाकण सैल राहिले तर पंखा फिरू लागताच पाणी इंजिनाच्या खोलीत उसळून येते आणि मागचा भाग काही मिनिटांत भरतो. शाफ्टच्या गाळ्याला ग्रीसच्या हँडलने दोन-तीन फेरे द्यावेत.

इंजिन सुरू करताना सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात निवळला पाहिजे. निळसर धूर तेल जळत असल्याचे आणि काळा धूर जास्त भार किंवा हवेची कमतरता असल्याचे लक्षण मानतात. तेलाच्या दाबाचा दिवा लगेच विझला पाहिजे आणि बॅटरीवरील व्होल्टेज १४ च्या आसपास चढले पाहिजे. त्यानंतर दोर घट्ट ठेवून, हलक्या वेगाने इंजिन पुढच्या गिअरमध्ये काही मिनिटे चालवावे. या वेळी कुणीतरी इंजिनाच्या खोलीत टॉर्च घेऊन झाकणाकडे आणि गाळ्याकडे पाहत राहावे. गाळ्यातून अधूनमधून थेंब पडणे चालते, धार चालत नाही.

कालवाही बदललेला असतो

थांबा कितीही परिचित असला तरी हिवाळ्याने कालव्याचा तळ बदललेला असतो. पुराच्या पाण्याबरोबर आलेला गाळ वळणांच्या आतल्या बाजूला साठतो, वादळात पडलेल्या विलोच्या फांद्या अर्ध्या बुडालेल्या असतात, आणि एप्रिलच्या आसपास काठाच्या लव्हाळ्यांत हंस व कूट पक्षी घरटी बांधू लागतात. पाण्याच्या पातळीत आणि काठच्या जमिनीत झालेले बदल पहिल्या काही मैलांत सावधपणे चाचपावेत.

नद्यांची गोष्ट वेगळी आहे. सोअर, ट्रेंट, थेम्स, नीन अशा नद्यांत पावसानंतर प्रवाह वेगाने वाढतो आणि बांधांकडे ओढतो. ट्रस्टच्या नद्यांवरील फलकांत हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. पाणी लाल पट्ट्यात असेल तर कोणत्याही परिस्थितीत नदीत शिरू नये. थेम्सवर एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी संस्था लाल फलक लावते. पहिल्या प्रवासासाठी मी नदी निवडणार नाही, कारण नांगर आणि इंजिन यांच्यावर पूर्ण विसंबण्याइतका त्यांचा अनुभव त्या मोसमात अजून आलेला नसतो.

पहिला प्रवास: ब्राउन्स्टन ते हिलमॉर्टन

नॉर्थअँप्टनशरमधील ब्राउन्स्टन येथे ग्रँड युनियन आणि ऑक्सफर्ड हे कालवे मिळतात. तेथून उत्तरेकडे रग्बीजवळच्या हिलमॉर्टनपर्यंत सुमारे ७ मैल एकही लॉक नाही. पहिल्या दिवसासाठी याहून योग्य भाग मला सुचत नाही: आधी लॉकाशिवाय इंजिन तापेपर्यंत चालवता येते आणि शेवटी तीन लॉकांवर हात बसवता येतो. ऑक्सफर्ड कालव्याचा हा उत्तर भाग १८३० च्या सुमारास सरळ केला गेला आणि १४ मैलांच्या आसपास कमी झाला. जुनी वळणे आजही काठावरच्या लोखंडी पुलांखाली तुटक दिसतात. सरळ केलेल्या भागात काही ठिकाणी उंच भरावावर वारा आडवा येतो. अशा वेळी वेग थोडा वाढवून बोटीचे टोक वाऱ्याकडे किंचित वळवून ठेवावे लागते.

वेळेचा हिशेब करताना मैल आणि लॉक यांची बेरीज करून तिला ३ ने भागावे. ७ मैल आणि ३ लॉक म्हणजे सुमारे साडेतीन तास. वेगमर्यादा ताशी ४ मैल असली तरी प्रत्यक्षात ३ मैलांनीच बरे चालते. बांधलेल्या बोटींजवळ येण्याच्या बऱ्याच आधीपासून इंजिन अगदी मंद करावे, अन्यथा लाटेने त्यांचे खुंट उपटतात. समोरून बोट आली की उजवीकडे राहावे. तळाला टेकल्यास इंजिनाला जोर देऊ नये. ते मागे घेऊन, माणसांना एका बाजूला हलवून आणि लांब काठीने रेटून बाहेर पडावे.

हिलमॉर्टनचे लॉक जुळे आहेत, म्हणजे एकमेकांशेजारी दोन खोल्या आहेत, आणि ब्राउन्स्टनकडून जाताना तेथे खाली उतरावे लागते. दोन्हींपैकी जी खोली भरलेली असेल ती घ्यावी, पाणी वाया जात नाही. उतरताना खरा धोका वरच्या दरवाजामागील काँक्रीटच्या वा दगडी पायरीचा, म्हणजे सिलचा, असतो. लॉकच्या कडेवर पांढरी रेघ असते. बोटीचे मागचे टोक तिच्या पुढेच राहिले पाहिजे. पाणी खाली जात असताना ते सिलवर अडकले, तर खालची पॅडल ताबडतोब बंद करावी आणि वरची उघडून लॉक पुन्हा भरावे. बोट कधीही घट्ट बांधू नये आणि बाजूचे फेंडर (बोट घासू नये म्हणून टांगलेल्या गाद्या) वर घ्यावेत, कारण अरुंद लॉकात ते अडकतात. पॅडल उघडल्यावर ती उघडी धरून ठेवणारी खिटी पक्की बसल्याची खात्री करून विंडलस लगेच काढून घ्यावा. चुकून सुटलेला विंडलस माणसाचा हात मोडण्याइतक्या वेगाने फिरतो. शेवाळलेल्या पायवाटेवर धावू नये.

लॉकावर काम करताना हाताला जखम असेल तर ती झाकावी आणि जेवणापूर्वी हात धुवावेत. कालव्याच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते.

संध्याकाळी, इंजिन थंड होण्याआधी, गाळ्याच्या ग्रीसला फेरा द्यावा आणि तळ पुन्हा पाहावा. सकाळी तेल आणि कूलंटची पातळी पुन्हा मोजावी, कारण पहिल्या तासांत फिरू लागलेल्या जुन्या रबरी नळ्या आणि पट्टे आपले दोष याच वेळी दाखवतात. रात्रभरात व्होल्टेज किती उतरले ते लिहून ठेवावे. या दुसऱ्या तपासणीत सगळे जसेच्या तसे आढळले की पुढे कॉव्हेंट्रीजवळच्या हॉक्सबरीकडे, किंवा बोट फिरवण्याची जागा आपल्या बोटीला पुरेल हे नकाशात पाहून माघारी ब्राउन्स्टनकडे, निघता येते. ब्राउन्स्टनचा २,०४२ यार्ड लांबीचा बोगदा मात्र समोरचा मोठा दिवा आणि भोंगा दोन्ही चालतात याची खात्री झाल्यावरच घ्यावा.